सूचना : रविवारी नेट बंद; तक्रार करण्याआधी एवढं बघा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० ते १२ जिन्याखालच्या केबलपेटीचं काम आहे. तेवढा वेळ नेट आणि लँडलाइन बंद राहील. ज्यांची तक्रार आहे त्यांनी शनिवारपर्यंत घर क्रमांकासह इथेच लिहावी.

- राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बहुधा फायबर (नेटची बारीक काचेची तार) तुटली किंवा दुमडली आहे. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार करा.
- बाकी वेळी राउटर एक मिनिट बंद ठेवून चालू करा. रीसेटच्या भोकात पिन घालू नका, सगळी सेटिंग उडते!
- आतल्या खोलीत रेंज नसेल तर वायफाय ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर जोडा, ते लांबपर्यंत पोचतं. राउटर लोखंडी कपाटावर नको.

गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायला साडी बांधताना टोक फायबरला बांधू नये, ही हात जोडून विनंती. मागच्या आठवड्यात तीन घरांचं नेट त्यामुळेच बंद होतं. बिबडे मात्र छान झाले होते.

"केवायसी नाही, सिम बंद होईल" असा फोन आला तर ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा.

– सचिव, जळगाव