ही झोपमोड वयाची नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, "वय झालं, झोप लागत नाही" हे तुझं म्हणणं मला पटत नाही. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली मुलं तुमच्या अभ्यासिकेत येतात. त्यातलं एखादं भागाकार करता करता बापानं विष घेतल्याचं सांगून टाकतं. असं रोज ऐकणाऱ्यालाही आघात होतो, दुय्यम आघात. न पाहिलेलं दृश्य डोळ्यांपुढे येतं, दार वाजलं तरी दचकायला होतं, त्या मुलाची नजर टाळावीशी वाटते. दमणूक हळूहळू साचते. हा आघात मात्र एका संध्याकाळीच सुरू होऊ शकतो आणि चार दिवस सुट्टी घेतली तरी जात नाही.

सगळं अडतं ते ऐकण्याच्या पद्धतीत. मूल बोलू लागलं की आपण "मग? पुढे?" करतो. खोदून विचारल्यानं मूल पुन्हा त्यातून जातं, शिवाय पुढे तक्रार झाली तर त्याचा जबाब आपल्या प्रश्नांनी रंगलेला निघतो. दोनच गोष्टी विचार: आत्ता तुला कुणाची भीती आहे का, आणि रात्री घरी कोण असतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. ऐकताना मनात चित्र उभं राहायला लागतं आणि त्यात नकळत आपल्याच नातवाचा चेहरा बसतो. तिथंच ते रुततं. त्या क्षणी समोरचं काहीतरी बघ, फळ्यावरची तारीख, त्याच्या वहीची फाटकी कड. पाय जमिनीला टेकव, 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर.

त्याच दिवशी तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, पाच-सहा ओळींत लिहून वही कुलपात ठेव. आपलं मत त्यात नको. मग शाळेच्या मुख्याध्यापकांना कळव. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदतही मिळते. बाबा, "आधी घरच्यांशी बोलून बघू" हा तुमचा स्वभाव इथे नको, करणारा बरेचदा घरातला किंवा ओळखीचाच असतो. आणि एकट्यानं गुपित बाळगण्याचाच निम्मा भार असतो.

रात्री जेवताना आई सगळं बाबांना सांगते, मग दोघंही जागे! सांगण्याआधी "ऐकायची तयारी आहे का?" विचारायचं, मुलाचं काय झालं ते नाही, आपल्याला काय झालं तेवढंच सांगायचं, तेही झोपायच्या दोन तास आधी. 'माझे बाबा' हा निबंध देऊ नका. दिलाच, तर वह्या सकाळी तपासा.

महिनाभरात फरक पडला नाही तर 14416, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका, बाबा.

सोबत 30 प्रश्नांची प्रश्नावली पाठवते आहे, अशा कामाचा आपल्या मनावर काय परिणाम होतोय हे ती मागच्या 30 दिवसांबद्दल विचारते. त्यानं निदान होत नाही, पण आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. दोघांनी वेगवेगळी भरा. बाबा, आईचं बघून लिहायचं नाही.

तुमची,
मनू