बीएमएक्स उभी राहिली, ती तुमच्यामुळे
२० इंची चाकांची, जुन्या घडणीची माझी बीएमएक्स (कसरती-शर्यतींची छोटी, दणकट सायकल) अखेर घरच्या वर्कशॉपमध्ये उभी राहिली. हातभार लावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

वन-पीस क्रँकचा (दोन्ही पेडलांचे दांडे मिळून एकच अखंड वाकवलेला दांडा) डावीकडचा नट काही केल्या सुटेना. ‘उलटे आटे आहेत, घड्याळाच्या दिशेनं फिरव,’ असं ज्यांनी वेळेवर सांगितलं, त्यांच्यामुळे आटे वाचले. हँडल धरणारा २२.२ मिलिमीटरचा स्टेम पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये (चिमट्यात) जाईना, तेव्हा स्वतःच्या जपून ठेवलेल्या सामानातून २१.१ चा काढून देणारे तुम्हीच (असं सामान कुणी सहज देत नाही!).

आणि मागच्या चाकाचा आऊट (डगमग) काढायला रात्री शेजारी बसलेले काका! ३६ स्पोक, प्रत्येकाचं निपल (स्पोक ताणणारा छोटा नट) पाव-पाव फेरा. रिम ब्रेकपॅडला घासायची थांबेपर्यंत ते उठले नाहीत. त्यांच्या ऋणातच राहीन.

आता पेडल थांबवल्यावर मागच्या चाकाचं फ्रीव्हील टकटकलं की तुम्ही सगळे आठवता.