बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

बाझल, स्वित्झर्लंड

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, विद्यापीठ सोडून मी औषध कंपनीत आले याची रुखरुख तुम्हाला अजून आहे. "संशोधन सुटलं ना?" असं विचारलंत, ते मनाला लागलं. आयुष्यभर बारावीला रसायनशास्त्र शिकवलंत, म्हणून तुम्हाला इमॅटिनिब या कर्करोगावरच्या औषधाचीच गोष्ट सांगते.

फिलाडेल्फियात १९६० साली रक्ताच्या एका कर्करोगात आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. त्यातून एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं आणि पेशींना वाढत राहायला लावतं. हे काम विद्यापीठांतलं आणि संशोधनसंस्थांतलं. ते एन्झाइम रोखणारा रेणू मात्र इथे, बाझलला, सिबा-गायगी कंपनीत घडला. आधीचा रेणू भलत्याच एन्झाइमलाही अडवायचा. बेंझिनच्या कड्यावर एक मिथिल, म्हणजे एका कार्बनचा एवढासा गट, बसवला आणि ते थांबलं. बाबा, एक मिथिल! मग तो नीट विरघळेना, तर मिथिल-पायपरॅझिन नावाचा आणखी एक गट जोडला, तेव्हा कुठे तो गोळीतून देता आला. पुढे ओरेगॉनच्या विद्यापीठातले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी तो रुग्णांना मिळावा म्हणून पिच्छा पुरवला. १९९८ ला चाचण्या सुरू झाल्या, २००१ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

माझं रोजचं काम याच जातीचं आहे. पूर्वी रेणू परीक्षानळीत चालला, की पेपर लिहून मी मोकळी. आता खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात: यकृत त्याला किती वेळात मोडेल, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होईल का, पोटातून रक्तात किती उतरेल. आमचा एक रेणू प्राण्यांवरच्या चाचणीत यकृताला झेपला नाही, म्हणून बंद झाला. फार वाईट वाटलं, पण तो माणसांपर्यंत गेला नाही हेच बरं. बहुतेक रेणूंचं असंच होतं. माझ्या हातचा एकही कदाचित दुकानात येणार नाही. तरी मला हेच काम करायचंय.

औषधं सामान्यांना परवडायला हवीत, हे किमतीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. याच औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारा आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये दिलेला निकाल मलाही योग्यच वाटतो, कंपनीत असूनही.

आई, थायरॉइडची गोळी अनशापोटीच घे, नुसत्या पाण्याबरोबर. चहा आणि कॅल्शियमची गोळी लगेच नको. नाहीतर औषध नीट रक्तात उतरत नाही.

तुमची,
मनू