घोसाळ्याचं झाड

सोलापूर,
7 डिसेंबर

चि. बबडी,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. नाताळात मांडायची जुनी जपानी पुठ्ठ्याची चार घरं, एक चर्च. चर्चचा मनोरा वाटेत मोडला, पण तुकडा खोक्यातच सापडला.

आधी कबुली देतो. लाल छपराच्या घरावर धूळ होती म्हणून ओलं फडकं फिरवलं, तर छपराचा रंगच फडक्यावर आला! चाळीस वर्षं बाइंडिंग करून ही अक्कल. रंग पाण्यात विरघळणारा, त्यावर अभ्रकाचा चुरा भुरभुरलेला. तोच त्यांचा बर्फ. बाकीची घरं कोरड्या ब्रशनं झाडली.

पुढचं काम माझ्या हातातलंच. मैद्याची खळ घट्ट शिजवली, चिमूटभर मोरचूद घातलं (कागद खाणाऱ्या कसरीला जपानी पुठ्ठाही चालतो), सांध्यांना आतून कागदी पट्ट्या दिल्या. खिडक्यांचा जिलेटीन कागद तडकला होता, तो नव्या पेठेतून आणला.

एका घराच्या तळाला 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आहे. म्हणजे दुसरं महायुद्ध हरल्यावर 1952 पर्यंत जपानी लोक अमेरिकेच्या ताब्यात होते, तेव्हाचं. ज्यांनी बाँब टाकले त्यांच्याच नाताळासाठी घरं चिकटवत बसायचं! खळ लावताना हे डोक्यातून जाईना.

गंमत झाली ती अंगणातल्या झाडाची. भिंगातून पाहिलं तर चक्क घोसाळं! वाळल्या घोसाळ्याची जाळी कापून हिरवी रंगवलेली. आईनं बियांसाठी टांगलेलं एक घोसाळं कुरकुरत काढून दिलं. त्याची सात झाडं झाली. बिया तिनं मोजून परत घेतल्या.

घरांच्या मागच्या भोकात दिवा बसतो. तू पाठवलेली जुनी माळ लावली नाही. तिच्यात 15 व्होल्टचे आठ दिवे एकापाठोपाठ, हिशेब अमेरिकेतल्या 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. बारीक एलईडी घातले, पुठ्ठा तापत नाही.

सगळ्यांना नवा रंग द्या म्हणतेस. देणार नाही. मी घालवलेलं छप्पर तेवढं रंगवलं. पिवळा पडलेला बर्फ तसाच राहू दे.

गव्हाणीभोवती मांडामांड झालीय. शेजारची पोरं विचारतात, आजोबा, छपरावर मीठ का टाकलंय?

चर्चची घंटा खोक्यात नव्हती. तुझ्याकडे कुठं पडली असेल तर बघ.

तुझे,
बाबा