८०० मधे मोठं इंजिन टाकायच्या आधी तिचे ब्रेक बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली, त्याच्या आधी उद्यमनगरात इंजिन बोअरिंगच्या दुकानात हेल्पर होतो. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या, पण गेल्या दोन महिन्यात तीन पोरं एकच मागणी घेऊन आली म्हणून लिहायला बसलो. घरी वडिलांची नाहीतर आजोबांची जुनी मारुती ८०० शेडमधे पडून असते, ती बाहेर काढायची आणि तिच्यात मारुतीच्याच एस्टीम गाडीचं १३०० सीसीचं इंजिन बसवून द्या म्हणतात. मोबाईलवर कुणीतरी तशी केलेली गाडी बघितलेली असते, तिचा पिकअप बघितलेला असतो, आवाज ऐकलेला असतो. तिघांपैकी एकानं सुद्धा ब्रेकचं नाव काढलं नाही.

पोरांवर माझा राग नाही हो. ८०० वर जीव असणं म्हणजे काय ते मला माहितीये. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४ मधे बनवायची बंद झाली, म्हणजे तीस वर्षं ही गाडी निघत होती, आपल्याकडं किती घरात पहिली गाडी हीच आली आणि कितीजणं हिच्यावरच स्टेअरिंग धरायला शिकले. वडिलांची गाडी भंगारात न घालता चालू ठेवावी वाटतंय पोराला, ही चांगलीच गोष्ट आहे. आणि त्यांचा हिशोब सुद्धा वरवर बघितला तर बरोबर वाटतो, गाडी जेमतेम साडेसहाशे किलोची, मग मोठं इंजिन टाकलं की उडणारच.

उडते पण. ८०० चं जुनं कार्बोरेटरवालं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी, चाळीसच्या आतली हॉर्सपॉवर. एस्टीमचं कार्बोरेटरवालं इंजिन ६५ चं आणि नंतर आलेलं १६ व्हॉल्व एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवालं, ८५ चं. म्हणजे दुपटीच्या वर गेलो आपण. पण गाडीचं बाकीचं सगळं, चार गिअरचा गिअरबॉक्स, एक्सल, बारा इंची रिम, १४५ चे बारके टायर, पुढं छोट्या डिस्क आणि मागं ड्रम, हे सगळं त्या चाळिसाच्या आतल्या ताकदीला धरून बनवलेलं आहे. जुन्या बऱ्याच ८०० ना ब्रेकचा बूस्टर सुद्धा नसतो, सगळं पायाच्या जोरावर. आणि वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवायला लागणारी शक्ती दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. साठवर थांबवायची गाडी नव्वदवर थांबवायला गेलं की हे कळतं, तोपर्यंत कळत नाही.

मला कसं कळलं ते सांगतो. २००४ साली मी स्वतः माझ्या ८०० मधे मारुतीच्याच झेन गाडीचं ९९३ सीसी इंजिन बसवलं. चार सिलिंडर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ५० हॉर्सपॉवर, त्या काळात आम्हा फिटर लोकांचं फार आवडतं इंजिन होतं ते. दिवसभर गिऱ्हाइकांची कामं आणि रात्री आठनंतर स्वतःची गाडी असं दोन अडीच आठवडे चाललं, माउंटिंगचे ब्रॅकेट मी स्वतः कापून वेल्डिंग केले, झेनचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स घेतला, सायलेन्सरचा पाईप वाकवून घेतला. चालवल्यावर एवढा आनंद झाला की अर्ध्या रात्री बायकोला उठवून रंकाळ्याला चक्कर मारून आणली. ब्रेकचं काय केलं, तर पुढचे पॅड नवीन टाकले. बास. ब्रेकचं ऑईल होतं तेच ठेवलं, ते कधी बदललेलं ते मला आठवत पण नव्हतं.

मे महिन्यात सावंतवाडीला लग्न होतं, आजऱ्यावरनं आंबोलीमार्गे निघालो, गाडीत बायको, चार वर्षांची मुलगी, आई आणि डिकीत सामान. घाट उतरताना गाडी नेहमीपेक्षा जोरात जात होती आणि मी प्रत्येक वळणाला ब्रेक मारत होतो कारण वरच्या गिअरमधे मोकळी पळवायची चटक लागलेली. निम्म्या घाटात पॅड जळाल्याचा वास यायला लागला, मी म्हटलं पुढच्या गाडीचा असेल. त्याच्या पुढच्या वळणावर पेडल दाबलं ते स्पंजासारखं लागलं आणि दुसऱ्यांदा दाबलं तर थेट खाली फळीला टेकलं. तिसरा गिअर काढून दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, दरी पलीकडच्या अंगाला होती म्हणून आज हे लिहितोय. बायकोच्या कपाळाला सात टाके पडले. मुलीचे पुढचे दोन दात गेले, दुधाचे होते, पण तिच्या फ्रॉकवरचं रक्त मी विसरू शकत नाही.

नंतर समजून घेतलं काय झालं ते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चं ऑईल नवीन असताना साधारण २०५ डिग्रीला उकळतं आणि पाणी धरलं की १४० च्या आसपासच उकळायला लागतं. घाटात डिस्क तापली, कॅलिपर तापला, ऑईल उकळलं आणि त्याची वाफ झाली, आता ऑईल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं आणि चाकावर काहीच पोचत नाही. दोनएकशे रुपयांचं ऑईल बदलून चारी चाकांच्या ब्रेकच्या पाईपातली हवा काढली असती तर कदाचित वाचलं असतं, आणि इंजिनच्या आधी ब्रेकचा विचार केला असता तर नक्कीच.

म्हणून आता पोरगं आलं की मी आधी त्याच्या गाडीचं जे इंजिन आहे त्याला कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधे दाब किती बनतो ते दाखवणारं मीटर, लावतो. आत्ता आलेल्यातल्या एकाची १९९७ ची गाडी होती, तीन सिलिंडरमधे काटा बारा, बारा आणि आठवर गेला. म्हणजे बिचारी अडीच सिलिंडरवर चालत होती आणि हा तिला कमजोर म्हणत होता. हेड उघडलं तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व एका कडेला जळून बारीक खाच पडलेली, नखानं लागत होती. हेडचं फेसिंग उद्यमनगरात करून आणलं, नवीन व्हॉल्व टाकला आणि मग त्या पोरालाच बसवलं व्हॉल्व घासायला. ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी काठी दोन्ही तळव्यात धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची, आवाज खरखरीतचा मऊ होत जातो, पुसून बघितलं की सीटवर सगळीकडनं सारखा राखाडी पट्टा दिसला पाहिजे. पाऊण तास लागला त्याला. मग टॅपेट सेट केले, कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, डेल्कोचं म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग लावलं आणि क्लच प्लेट घासलेली होती ती बदलली. ट्रायल मारून आल्यावर म्हणाला, काका, ही एवढी पळायची होय? पळायचीच की, म्हणूनच तर लोकांनी घेतल्या.

एवढं करूनही ज्याला अजून पाहिजे त्याला मी नाही म्हणत नाही, पण क्रम माझा. आधी मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज पाईप, नवीन ऑईल. मग टायर, आणि टायरवरची तारीख बघून, गोट्या, म्हणजे टायरची नक्षी, बऱ्या दिसतायत म्हणून दहा वर्षांचं टायर चालत नाही. मग शॉकअप, बॉल जॉइंट, बुश. मोठ्या डिस्क बसवायच्या तर बारा इंची रिममधे जागाच नसते त्यामुळं हब, रिम, कॅलिपर सगळं जुळवावं लागतं आणि ते काम इंजिन बसवण्याइतकंच मोठं आहे. हे सगळं झाल्यावर इंजिन. त्यात पण ऑल्टोचं १२ व्हॉल्व ७९६ सीसी घेतलं, जे पुढं ८०० मधेच पाच गिअरसकट आलं होतं, तर ४५ च्या आसपास हॉर्सपॉवर मिळते आणि गाडीचा तोल बिघडत नाही. फक्त त्याला टाकीतला इलेक्ट्रिक पंप, प्रेशरचे पाईप, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आणि अख्खं वायरिंग लागतं. ते वायरिंग तोडून पीळ मारून टेप गुंडाळलेल्या गाड्या माझ्याकडं येतात, पेट्रोलच्या प्रेशर लाईनशेजारी असली जोडणी म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात कंपनीनं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. २०१९ च्याच दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच जातीचं इंजिन बदललं तर आरटीओला कळवून नोंद करून घेता येते, पण १३०० सीसीचं टाकून कागदावर ७९६ ठेवलं तर अपघातानंतर इन्शुरन्सवाला आधी इंजिन नंबर बघणार. आणि भंगारातनं बिलाशिवाय घेतलेलं, नंबर घासलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांना उत्तर तुम्ही द्यायचं आहे. पोरांना यातलं कुणी सांगतच नाही.

माझी विनंती सरकारला आणि परिवहन खात्याला आहे, ती आपल्या पेपरमधनं पोचावी. सीएनजी किट बाहेरनं बसवायला परवानगी आहे, जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायला आहे, त्याची चाचणी आपल्याच पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत होते. मग जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायला तसाच एक रस्ता का नको? ठराविक इंजिनं ठरवून द्या, फी घ्या, आणि गाडी आणली की सगळ्यात आधी ब्रेकची परीक्षा घ्या, चारी चाकं किती धरतात, घाटात तापल्यावर किती धरतात. तिथं नापास तर पुढचं काही बघूच नका. आज हे सगळं रात्री शटर ओढून होतं, फिटर बोलत नाही, मालक बोलत नाही, त्यामुळं ती गाडी थांबते का नाही हे रस्त्यावर येईपर्यंत कुणीच बघत नाही. आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्याला तर माहितीच नसतं की त्या छोट्या ८०० च्या बॉनेटखाली काय आहे. ज्यांना खरंच पळवायचं आहे त्यांनी रॅलीत, ट्रॅकवर, हेल्मेट आणि रोलकेज घालून पळवावं, तिथं स्क्रुटिनीत गाडी तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

व्हॉल्व घासलेल्या पोराची गाडी अजून माझ्या रॅम्पवरच आहे. मागच्या दोन्ही ड्रममधे व्हील सिलिंडर गळत होते, लायनिंग ऑईलनं भिजलेलं, म्हणजे मागची चाकं किती वर्षं धरतच नव्हती कुणास ठाऊक. सामान उद्या येतंय. तो रोज कॉलेज सुटल्यावर येऊन बसतो, एस्टीमच्या इंजिनचा विषय त्यानं परत काढलेला नाही, काल मात्र विचारत होता की ब्रेकची हवा काढताना पेडल मी मारू का.

आपला,
एक गॅरेजवाला,
कोल्हापूर