गिरणी आधी पाण्यावर चालली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नागपूरच्या बंद पडलेल्या गिरण्यांवरील लेख वाचला. एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला तो जवळचा वाटला. मात्र ‘वाफेचे इंजिन आले आणि सूतगिरणी जन्माला आली’ हे त्यातील विधान इतिहासाला धरून नाही, म्हणून हे पत्र.

रिचर्ड आर्कराइट याने आपल्या सूतकताईच्या यंत्राचे पेटंट १७६९ मध्ये घेतले. नॉटिंगहॅमला त्याने ते घोडे जुंपून चालवले. पण घोड्यांचा खर्च आणि त्यांची ताकद यांचा मेळ बसेना, तेव्हा १७७१ मध्ये तो डर्बीशायर परगण्यातील क्रॉमफर्ड या आडगावी गेला. तेथे एक ओढा होता आणि शिसाच्या खाणींत साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी डोंगरातून खोदलेला एक बोगदाही होता. भूगर्भातून येणारे हे पाणी किंचित कोमट असल्याने इंग्लंडच्या थंडीतही गोठत नसे आणि त्यावर चालणारे गिरणीचे चाक हिवाळ्यातही फिरत राही. सूतकताईच्या या यंत्राला ‘वॉटर फ्रेम’ हे नाव पडले ते त्यामुळेच. जेम्स वॉटचे चाक फिरवणारे वाफेचे इंजिन सूतगिरणीला प्रथम जोडले गेले ते १७८५ च्या सुमारास, म्हणजे क्रॉमफर्डनंतर चौदा वर्षांनी. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, राबणारी बहुतांश बायका-मुले, कामगारांसाठी बांधलेली घरे, हे सारे त्या खेड्यात पाण्याच्या चाकाभोवतीच उभे राहिले होते.

यंत्राची करामत त्याच्या रुळांत, म्हणजे रोलरांत, होती. कापसाचा पेळू रुळांच्या पहिल्या जोडीतून सावकाश आत जाई, पुढची जोडी त्याहून वेगाने फिरे, त्यामुळे तंतू ओढले जाऊन पेळू बारीक होई आणि मग चातीवर त्याला पीळ बसे. चरख्यावर डाव्या हाताची बोटे जे करतात, तेच इथे रूळ करू लागले. आजच्या रिंग फ्रेम या सूतकताईच्या यंत्रातही सूत ओढण्याची ही रीत कायम आहे. याच वॉटर फ्रेमच्या सुधारलेल्या रूपाला इंग्रज कामगार ‘थ्रॉसल’, म्हणजे गाणारा कस्तूर पक्षी, म्हणत, कारण चालताना ते गुणगुणे. मुंबईच्या गिरणगावातले ‘त्रासन खाते’ हा त्याच शब्दाचा अपभ्रंश. तिथल्या कामगारांना त्यात पक्ष्यापेक्षा त्रासच अधिक ऐकू आला असेल, तर नवल नाही.

इंग्रजीत पिठाच्या आणि सुताच्या कारखान्याला ‘मिल’ हा एकच शब्द आहे, याचेही मूळ इथेच आहे. दळण दळणाऱ्या पाणचक्कीचेच चाक सूतकताईला जुंपले गेले आणि नावही सोबत आले. आपली ‘गिरणी’ही दोन्ही अर्थांनी चालते, मात्र आम्ही नागपूरकर दळण चक्कीवरच टाकतो.

एम्प्रेस मिल वाफेवर चालली, याबद्दल वाद नाही. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. भोवती कापूस, दाराशी रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा हाताशी, अशी जागा जमशेदजी टाटांनी हेरली होती. तरीही ती उभी राहिली जुम्मा तलावाच्या काठीच, कारण बॉयलरलाही पाणी लागतेच. क्रॉमफर्डचे दैव मात्र उलटे निघाले. खाणमालकांनी अधिक खोल बोगदा खणला, १८४० च्या सुमारास पाणी तिकडे वळले आणि आर्कराइटची पहिली गिरणी कोरडी पडत गेली.

शाळकरी मुले अशा पुरवण्यांतील कात्रणे प्रकल्पवहीत चिकटवतात. तेव्हा पुढील अंकात वरील दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
महाल, नागपूर