तज्ज्ञ बसतो कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला परीक्षेच्या ताणावरचा लेख वाचला. चांगला आहे. शेवटी नेहमीप्रमाणे 'वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' हेही आहे. हा तज्ज्ञ बसतो कुठे, ते लिहायला बहुधा जागा उरली नसावी, कारण खाली 'सात दिवसांत मनःशांती'ची पाव पान जाहिरात होती.

माझी नात बारावीला आहे. दिवाळीनंतर तिचं जेवण सुटलं, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टक्क जागी. सूनबाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मैत्रिणीच्या मुलीसाठी' म्हणून विचारलं. (असंच विचारावं लागतं.) अर्ध्या तासात सहा नावं आली. त्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका बाईंकडे गेलो. दारावर पाटी: 'सायकॉलॉजिस्ट, लाइफ कोच, टॅरो'. आत सुगंधी मेणबत्ती आणि विजेवरचं छोटं कारंजं. एका बैठकीचे दीड हजार, दहांचं पॅकेज घेतलं तर बारा हजार. मी नोंदणी क्रमांक विचारला. बाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून जवळून वाचलं, तर २१ दिवसांचा ऑनलाइन कोर्स! पावती मागितली तेव्हा म्हणाल्या, "काका, इतकं निगेटिव्ह नका राहू." नात फिस्सकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. तेवढा गुण आला म्हणायचा.

जन्मभर कारकुनी केल्यामुळे कागद पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञाला, भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नाव परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतं. कायदा १९९२ चा. नोंदणीविना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! बाईंची एक बैठक त्याहून महाग आहे. शिवाय पाटीवर नुसतं 'लाइफ कोच' लिहिलं की या कायद्यातूनही मोकळे.

अख्खा महाराष्ट्र 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतो. १९०१ पासून मनोरुग्णालय आमच्याच गावात, ओपीडीही आहे. पण मी नुसतं नाव काढताच सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तिचं लग्न व्हायचंय अजून." तिचं वय सतरा.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी डोंबिवलीच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. या बाईंच्या लेटरहेडवर नावाखालीच नोंदणी क्रमांक. तारीख मात्र तीन आठवड्यांनंतरची. तोवर १४४१६ ने हात दिला. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. हे पाच आकडे तुमच्या लेखात कुठेच नाहीत. राशिभविष्याखाली ज्योतिषीबुवांचा दहा आकडी नंबर मात्र ठळक.

महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. तशी नोंदणीकृत मानसतज्ज्ञांची प्रभागवार यादी काढायला काय हरकत आहे? आणि ती तुम्ही छापायला?

जाता जाता, गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं तुम्ही दिलेली नाहीत. माझा १७ उभा अजून अडलेला आहे.

कळावे,
एक आजोबा, वर्तकनगर, ठाणे
(नाव छापू नये. सोसायटीत तुमचाच पेपर येतो.)